बारीक राहिलेलं ‘नाही’

हे मला सांगायला लावलंय म्हणून सांगतोय. माझी इच्छा विचाराल तर मी या विषयावर केव्हाच रंगाचा एक हात मारून मोकळा झालो असतो. पण आमची लेक ऐकते होय! "बाबा, तुम्ही सांगा, नाहीतर मी माझ्या पद्धतीनं सांगते." तिची पद्धत मला ठाऊक आहे. तिच्या पद्धतीत मी पहिल्याच वाक्यात गाढव ठरतो. म्हटलं, आपणच सांगावं. निदान गाढव ठरायला थोडा वेळ तरी लागेल.

मी पाट्या रंगवायचो. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, शाळांच्यासुद्धा. शाळेत मी स्वतः फारसा टिकलो नाही (मास्तरांनी माझ्यापुढं हात टेकले), पण अक्षर काढायला शाळा लागत नाही, हात लागतो. अक्षर काढायचं काम आपलं, वाचायचं काम गिऱ्हाइकाचं. आणि आमच्या धंद्याचा एक नियम आहे. कामाचा शब्द जाड. बाकीची किरकोळ मंडळी, म्हणजे ‘येथे’, ‘आणि’, ‘मिळेल’, ‘नाही’ वगैरे, ती कोपऱ्यात बारीक ब्रशानं उरकायची. त्यांना जाड करणं म्हणजे रंगाची नासाडी. ‘येथे’ वाचून कुणी दुकानात शिरल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

आमची ही पाळणाघर चालवते. घराच्या पुढच्या दोन खोल्यांत. मुलं तिला आजी म्हणतात, मला आजोबा म्हणतात, आणि ही मला ‘मध्ये येऊ नका’ म्हणते.

बरं चाललं होतं. मग कोपऱ्यावर ते काचेचं पाळणाघर निघालं. काचेचं दार, भिंतीवर रंगीत हत्ती (सोंड चुकलीय), आणि आईबापांना म्हणे कचेरीत बसल्या बसल्या फोनवर आपलं पोर दिसतं. झालं! आमच्या खोलीत दप्तरं अडकवायच्या खुंट्या आहेत, त्या एकेक करून रिकाम्या व्हायला लागल्या. ही तोंडानं काही बोलली नाही. पण रिकाम्या राहिलेल्या गाद्यासुद्धा रोज उन्हात टाकायची, झटकायची, परत घडी घालून ठेवायची. एकदा मी म्हटलं, "अगं, या गादीवर कुणी झोपलंच नाही, झटकतेस काय?" तर एक शब्द न बोलता आत गेली. ही बोलली तर मला काही वाटत नाही, सवय आहे. न बोलता आत गेली की मला घाम फुटतो. पाळणाघर बंद पडलं असतं तर ही बाई घरात नुसती न बोलता आत-बाहेर करत राहिली असती, आणि मी घामानं संपलो असतो.

रविवारी लेक-जावई आले. जावई कचेरीत कॉम्प्युटरवर काहीतरी करतो. काय करतो ते त्यालाही नीट सांगता येत नाही. खुंट्या बघून तो म्हणाला, "बाबा, हल्ली दारावरची पाटी कोण बघतं? लोक फोनवर शोधतात. आपलं एक पान हवं इंटरनेटवर."

दारावरची पाटी मी रंगवलेली. "कोण बघतं म्हणजे? येणारा प्रत्येक माणूस बघतो."

"पण येतंय कोण?"

यावर मी रागावलो. म्हटलं, "करा पान. पण मजकूर मी सांगणार." बस. एवढंच ठरवलं मी. यात कुणाचं काय वाईट चिंतलं होतं?

जावयानं मांडीवर कॉम्प्युटर घेतला आणि मला शहाणपण शिकवायला लागला. "बाबा, लोक पान वाचत नाहीत, चाळतात. नजर घसरत खाली जाते आणि जाड शब्दापाशी थांबते. म्हणून मोजके शब्द बोल्ड करायचे. शोधणाऱ्या यंत्रालाही त्यावरून थोडा अंदाज येतो, की पान कशाबद्दल आहे. पण मोजकेच हं! सगळंच जाड केलं तर काहीच जाड राहत नाही."

"जावईबापू, तुम्ही दुपट्यात होता तेव्हापासून मी जाड करतोय."

"तसं नाही बाबा..."

"लिहा."

आता मला सांगा, पोराला परक्याच्या घरी सोडताना आईबापाच्या मनात काय असतं? हत्ती असतो का? भीती असते. मारतील का, उपाशी ठेवतील का. मग त्या भीतीलाच सरळ हात घालायचा, उगाच फुलं-पाखरं कशाला? मी सांगत गेलो: आमच्याकडे मुलांना मारत नाहीत. उपाशी ठेवत नाहीत. झोपेचं औषध देत नाहीत. अंधाऱ्या खोलीत कोंडत नाहीत. न्यायला उशीर झाला तर मूल रस्त्यावर सोडून देत नाहीत.

"बाबा, जरा कडक होतंय का?"

"खरं आहे की खोटं?"

"खरं आहे, पण..."

"मग लिहा."

तेवढ्यात त्याच्या साहेबाचा फोन आला. जाड कसं करायचं ते मला दाखवून तो गॅलरीत गेला. मी चष्मा पुसला आणि कामाला लागलो. कामाचे शब्द निवडले: मारत, उपाशी, झोपेचं औषध, अंधाऱ्या खोलीत, रस्त्यावर. ‘नाहीत’ तेवढं बारीक ठेवलं. एकदा नव्हे, सगळीकडे. नियम तो नियम. वर हिचा फोटो घातला. मुलांना कागदाची फुलं कापून देत होती त्या वेळचा, हातात मोठी कात्री आणि डोळे बारीक केलेले. (चष्मा सापडत नव्हता तिचा.)

जावई परत आला, बोटानं पान वरून खाली सर्रकन नेलं, "वा, छान मोजकं केलंत," म्हणाला आणि बटण दाबलं. हे तो आता नाकारतो. हिला आम्ही काही सांगितलं नाही. हिला चकित करायचं होतं.

आठवडा गेला. मग एका सकाळी जावयाचा फोन. "बाबा, आपण पहिले आलो!"

"कशात?"

"शोधल्यावर! सगळ्यांच्या वर! काचवाले कुठल्या कुठं! फक्त एक गंमत आहे, नुसतं ‘पाळणाघर’ टाकलं तर दिसत नाही, पण दुसरं काहीतरी टाकलं की..."

"दुसरं काय?"

"थांबा, साहेब आले." फोन बंद.

मी आत जाऊन हिला म्हटलं, "आपण पहिले आलो."

"कशात?"

"ते विचारू नकोस. बघत राहा."

लगेच फोन वाजायला लागले. मला वाटलं, आली गिऱ्हाइकं. पहिला फोन एका बापाचा. मूल आमच्याकडचं नव्हे, नवीन चौकशी.

"आजोबा, झोपेचं औषध देता?"

"अजिबात नाही!"

"मग लिहिलंय ते?"

"तेच तर लिहिलंय!"

"म्हणजे देता."

"अहो, देत नाही असं लिहिलंय."

"मला तर औषधच दिसतंय," म्हणाला आणि फोन ठेवला. म्हटलं, अडाणी दिसतोय. दुसरी एक बाई काही विचारायच्या आतच रडायला लागली. तिसऱ्यानं मला अशी शिवी दिली की ती मी रंगाच्या दुकानातसुद्धा ऐकली नव्हती. मग माझ्या मनात कुठंतरी पाल चुकचुकली. मी फोन उशीखाली ठेवून दिला.

भर दुपारी दारात एक बाई उभी. पायात सपाट चपला, खांद्याला जाड पट्ट्याची पिशवी, आणि चेहरा असा की हसू त्यावर कधी उतरलंच नसावं. मी पायरीवर बसलो होतो.

"बालकल्याण कचेरीतून आलेय. पाळणाघरांचे परवाने बघते." तिनं फोन माझ्या नाकासमोर धरला. "हे पान तुमचं?"

"माझंच!" मी छाती पुढं काढली. "मजकूरही माझा आणि जाड केलेले शब्दही माझेच."

"म्हणजे तुम्ही कबूल करता?"

"कबूल काय, अभिमानानं सांगतो."

ती माझ्याकडे बघत राहिली. "आजोबा, मी या नोकरीत बरंच पाहिलंय. पण असं छापून सांगणारा माणूस पहिलाच."

"आभारी आहे," मी म्हटलं.

"मी रोज फोनवर शोधते. पाळणाघरात मुलांना मारतात, पाळणाघरात मुलांना कोंडतात, असं टाकून. घाबरलेले आईबापही हेच टाकून शोधतात. आज सगळ्यात वर तुम्ही."

आपण कशात पहिले आलो ते मला तेव्हा कळलं.

तिनं मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. "मारत. उपाशी. झोपेचं औषध. अंधाऱ्या खोलीत. रस्त्यावर. आणि वर या बाई, हातात कात्री."

"अहो बाई, पुढचं वाचा ना! प्रत्येकापुढं ‘नाहीत’ आहे."

तिनं फोन डोळ्याजवळ नेला. "कुठंय?"

"तिथंच. बारीक."

"बारीक का?"

"नियम आहे."

"कसला नियम?"

"पाट्यांचा."

"दार उघडा," ती म्हणाली.

आता ऐका. आमच्या दाराला वर उंचावर कडी आहे. एक पोरगं आहे, त्याला आम्ही ‘फरारी’ म्हणतो. हाताला लागेल ते दार उघडून रस्त्यावर पळतं. त्याच्यासाठी ती कडी. मी हात उंच करून कडी काढली, तर बाईंनी त्या कडीकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.

"कोंडून," ती म्हणाली.

आत पडदे ओढलेले. मुलांची झोपायची वेळ.

"अंधाऱ्या खोलीत," ती म्हणाली.

आणि सगळी मुलं गाद्यांवर निपचित. एरवी या वेळेला एखादं तरी चुळबुळ करतं. कुणी पाय झाडतं, कुणी पाणी मागतं. आणि ‘भोंगा’ तर झोपतच नाही. त्याचा आवाज गल्लीच्या टोकाला ऐकू जातो म्हणून तो भोंगा. आज भोंगासुद्धा हिच्या खांद्यावर मान टाकून पडलेला, तोंड उघडं, लाळ हिच्या पाठीवर. बाईंनी फोनकडे बघितलं. त्यातला एक शब्द ‘झोपेचं औषध’ होता. तो तिनं उच्चारला नाही, पण मला ऐकू आला.

हिनं ओठांवर बोट ठेवलं. "हळू. आत्ता कुठं झोपलीत."

बाईंनी तिलाही फोन दाखवला. हिनं आपला फोटो बघितला. कात्री बघितली. खालचे शब्द बघितले. मग मान वळवून माझ्याकडे बघितलं. एक शब्द बोलली नाही. मला धो धो घाम.

"आजी," बाई कुजबुजत म्हणाली, "त्या मुलाला उठवा. जागं होतंय का बघू दे."

"नाही," ही म्हणाली.

"नाही म्हणजे?"

"दात येतायत त्याला. घरी झोपत नाही. त्याच्या आईनं सकाळी रडत रडत माझ्याकडे दिलाय. तुमच्या शंकेसाठी मी त्याला उठवायची नाही. बसा तुम्ही. उठतील तशी बघा."

"मला थांबायला वेळ नाही. उठवलं नाहीत तर आजपासून हे दार बंद करावं लागेल. परवाना माझ्या हातात आहे, आजी."

"असू दे की," ही म्हणाली. आवाज एवढासुद्धा चढवला नाही. खांद्यावरच्या भोंग्याला थोपटत राहिली. पण मी बघत होतो, तिची नजर खुंट्यांवर गेली होती. उरलेल्या दप्तरांवर.

दोघी समोरासमोर उभ्या. एक हटेना, दुसरी हटेना. ‘मध्ये येऊ नका’ हे मला पाठ आहे, पण अशा वेळी नवऱ्यानं नुसतं दाराआड उभं राहायचं का? मी विचार केला, बाकी जाऊ दे, निदान अंधाराचा आरोप तरी आपल्याला पुसता येईल. पडदा सारला की उजेड. उजेड आला की अंधारी खोली राहिलीच कुठं? (हा विचार मला आजही पटतो.)

मी चवड्यांवर चालत खिडकीपाशी गेलो. मुलांचं एक बुटकं स्टूल घेतलं, त्यावर चढलो. हिनं मला बघितलं. डोळे मोठे केले, मान हलवली, ओठांनी ‘नको’ म्हणाली. मी हातानं खूण केली, तू काळजी करू नकोस. आणि पडदा ओढला.

पडदा सरकला नाही. मी जरा जोर लावला. मग पडदा आला, पडद्याची दांडी आली, दांडी भिंतीत बसवायला मी ठोकलेले खिळे आले, खिळ्यांबरोबर भिंतीचा पापुद्रा आला, आणि त्या सगळ्यांच्या मागोमाग मी. खाली मुलांच्या स्टीलच्या वाट्या-ताटल्यांची चळत होती.

आवाज सांगत नाही. तुम्हीही ऐकला असेल.

मग भोंगा सुरू झाला. त्याच्या मागं फरारी, मग सगळी. खिडक्यांच्या काचा थरथरल्या. बाईंनी दोन्ही कानांवर हात घेतले. तोंड हलत होतं, ऐकू काही येत नव्हतं. हिनं भोंग्याला एका खांद्यावर टाकला आणि दुसऱ्या हातानं एक रडती पोरगी उचलून बाईंच्या कमरेवर ठेवून दिली.

"धरा हिला!"

"अहो, मी तपासणीला..."

"आधी धरा! थोपटा! असं नव्हे, पाठीवर!"

बाई थोपटायला लागली. काय करते! पोरगी हुंदके देत शांत झाली आणि बाईंच्या पिशवीचा पट्टा तोंडात घालून चोखायला लागली. या पोरीला आम्ही ‘चिमणी’ म्हणतो.

बाईंनी घसा साफ केला. "काय गं, आजी मारते का तुला?"

चिमणीनं ‘नाही’ अशी मान हलवली. "आजी आजोबांना ओरडते."

"का बरं?"

"ते मध्ये येतात."

"बरं. जेवलीस का आज?"

"नाही," चिमणी म्हणाली. मला वाटलं, संपलं! पण हनुवटीपासून कानापर्यंत केळं फासलेलं होतं तिच्या, आणि बोलता बोलता त्यातलं बरंचसं तिनं बाईंच्या खांद्याला पुसलं. बाईंनी ते बोटानं बघितलं. मग गालातल्या गालात काहीतरी हललं. हसूच असावं, पण मी वाट्यांमध्ये पडलो होतो, खात्रीनं सांगत नाही.

एवढ्यात दारातून एक बाई धापा टाकत आत. भोंग्याची आई. तिनंही ते पान कुणाच्या तरी फोनवर बघितलं होतं आणि काम टाकून धावत आली होती. गल्लीच्या टोकाला तिला आवाज आला आणि तिनं ओळखला.

"काय केलंत माझ्या पोराला?"

"झोपला होता," ही म्हणाली.

"झोपला होता?" ती जागच्या जागी थांबली. "कधीपासून?"

"जेवल्यापासून. माझ्या खांद्यावर. खाली ठेवला की उठायचा, म्हणून धरूनच उभी होते."

भोंग्याच्या आईनं हिच्या पाठीवरची लाळ बघितली. हिची वाकलेली मान बघितली. तिचे डोळे भरून आले. बालकल्याणवाल्या बाईंनी हळूच विचारलं, "तुमचं मूल इथं ठेवायचंय ना तुम्हाला?"

"म्हणजे काय! माझ्याकडेसुद्धा तो असा झोपत नाही," असं म्हणून तिनं डोळे पुसले आणि मग आवाज बदलून विचारलं, "पण मग उठवला कुणी याला?"

तिन्ही बायकांनी माझ्याकडे बघितलं. चिमणीनंसुद्धा. मी डोक्यावरचा पडदा काढला नाही.

तर दार उघडं राहिलं. बाई जाताना हिला म्हणाली, "परवान्याची काळजी करू नका. ते पान मात्र आजच्या आज बदला." मला म्हणाली, "माफ करा आजोबा, मी जाड तेवढंच वाचलं." मी म्हटलं, "सगळे तेच करतात." जावई कचेरीतून तडक आला, मान खाली घालून म्हणाला, "बाबा, मी नीट बघायला हवं होतं." मी मोठ्या मनानं सोडून दिलं. त्यावर एक सूचनाही केली, की आता सगळी ‘नाहीत’ जाड करू आणि बाकीचं बारीक. त्यानं करूनही बघितलं. पान उघडलं तर वरपासून खालपर्यंत नाहीत, नाहीत, नाहीत, नाहीत. लेक म्हणाली, "बाबा, हे पाळणाघर आहे की भांडण?"

मग ही पुढं झाली. पदराला हात पुसले, जावयाच्या शेजारी बसली आणि म्हणाली, "लिहा." चारच वाक्यं सांगितली. मुलं किती वाजता आणायची, किती वाजता न्यायची, आजारी असेल तर आधी सांगायचं. आणि शेवटचं एक वाक्य. "हे एवढंच जाड करा. सगळंच्या सगळं, शेवटच्या शब्दासकट." मला कुणी विचारलं नाही. मी फक्त तिरक्या नजरेनं वाचलं:

‘मुलं झोपलेली असताना आजोबांना आत सोडलं जात नाही.’

त्या वाक्यानं काय जादू केली कोण जाणे. खुंट्या भरल्या. नवीन आई आली की आधी पायरीवर माझ्यापाशी थांबते, मला खालून वर बघते आणि विचारते, "ते आजोबा हेच का?" आतून ‘हो, हेच’ असा आवाज येतो, आणि दुपारी त्या वरच्या कडीचा खटका.

फरारीला आता ती कडी लागत नाही, तो सुधारला. ती माझ्यासाठी आहे. बाईंनी माफी मागितली, जावयानं मागितली, भोंग्याच्या आईनं तर केळी आणून दिली. माझी माफी मागायची राहिलेली आता एकच व्यक्ती आहे, आणि ती व्यक्ती म्हणजे आमची ही.